मागचे दोन दिवे

"परत तापलं?" व्हर्नने विचारलं.

एमेट गाडीतून उतरलाच नाही. इंजिन बंद करून त्याने गिअरबॉक्सच्या तेलाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला होता.

"बत्तीस मैलांत," तो म्हणाला.

"बत्तीस मैलांत. आणि बॉइझी किती लांब?"

"तुला माहीत आहे किती ते."

"हजार मैल," व्हर्न म्हणाला. "वाटेत वायोमिंगचे चढ. तिथपर्यंत गिअरबॉक्सचं भरीत होईल भरीत."

शनिवारची सकाळ होती, साडेआठची. नेब्रास्कातल्या होलबेक गावच्या कडेला 'लिंडक्विस्ट ब्रदर्स, गिअरबॉक्स दुरुस्ती' असं हे दुकान, आणि ब्रदर्स म्हणजे हे दोघे. थोरला व्हर्न, त्रेसष्ट वर्षांचा. धाकटा एमेट, चोपन्न. आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली ती १९३४ सालची फोर्ड. दोन दारांची, छत चार इंच कापून खाली बसवलेलं, आत शेव्हरोलेचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एमेटने ती दुकानाच्या कोपऱ्यात एकोणीस वर्षं बांधली. हो, एकोणीस! तेवढ्या काळात लोकांच्या मुली जन्मून कॉलेजात जातात. गावात विचारायचे, "काय एमेट, झाली का गाडी?" आणि एमेट म्हणायचा, "थोडंच राहिलंय."

या वसंतात ती खरोखर झाली. आणि ती झाली त्याच महिन्यात बॉइझीच्या एका तंत्रशाळेतून पत्र आलं. गिअरबॉक्स शिकवायला माणूस हवा आहे, तुमचं नाव चारचौघांकडून ऐकलं, येताना ती फोर्ड घेऊन या, पोरं तिच्यावरच शिकतील. सोमवारी सकाळी आठला पहिला वर्ग. म्हणजे रविवारी पहाटे निघायलाच हवं. आणि गाडी आठवडाभर चांगली चालून बुधवारपासून एकाएकी तेल तापवायला लागली होती.

"विमानाने जा की," व्हर्न म्हणाला.

"गाडीसकट बोलावलंय मला."

"मग काय, दुकानाची पाटी बदलतो. लिंडक्विस्ट आणि बंधू. खाली बारीक अक्षरांत, बंधू पळाला."

एमेट हसला नाही. त्याने जॅक ओढला आणि गाडीखाली शिरला.

दुखणं काय ते त्याला कळत होतं. चौथ्या गिअरमध्ये गाडी वेगात आली की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला कन्व्हर्टर आतल्या आत घट्ट जोडला जायला हवा. त्याला लॉकअप म्हणतात. ते लागलं की इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि गाडी निवांत पळते. नाही लागलं तर कन्व्हर्टर घसरत राहतो, तेल तापतं, शेवटी करपतं. ब्रेक दाबला की ते लॉकअप सुटायलाही हवं, नाहीतर सिग्नलला इंजिन बंद पडायचं. लावायचं-सोडायचं काम एका छोट्या रिलेचं, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचं. सगळा कारभार विजेचा.

आणि एमेट विजेचा माणूस नव्हता. दुकानात वाटणीच तशी होती. लोखंड एमेटचं, वायरी व्हर्नच्या. वायर दिसली की व्हर्नला गप्प बसवत नसे, दुसऱ्याच्या घरच्या पंख्यातसुद्धा हा नाक खुपसणार. पण या वेळी तो स्टुलावर बसून राहिला, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून.

"जरा बघतोस का रे?" एमेटने खालून विचारलं.

"गाडी तुझी, वायरिंग तू केलंस. तूच बघ."

एमेटला ते टोचलं, पण नवल वाटलं नाही. फेब्रुवारीत डॉक्टरांनी व्हर्नला कंपवात सांगितला होता. तेव्हापासून तो कुणासमोर पाना हातात घेत नसे.

एमेटने केबल तपासली. ठीक. तेलाचं भांडं उतरवून आतला सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारी झडप, काढला, टेबलावर वीज देऊन बघितला. टक् करून वाजला, ठीक. पुन्हा बसवला. टेस्टर लावला तर गिअरबॉक्सपर्यंत वीजच येत नव्हती. रिले बदलला. दुसरा बदलला. दोन्ही रिले टेबलावर छान काम करायचे आणि गाडीत बसवले की मढं.

दुपारी व्हर्नची बायको लव्हॉन रन्झा घेऊन आली, खिमा आणि कोबी भरलेले गरम पाव. व्हर्नचा पाव तिने आधीच बारीक तुकडे करून आणला होता. तो तिने काही न बोलता त्याच्यापुढे ठेवला.

"झाली का रे दुरुस्त?" तिने एमेटला विचारलं.

"होते."

"होऊ दे. आणि तू जा. हा काही बोलला तर या कानाने ऐक, त्या कानाने सोड."

"मी कुठे काय बोललो?" व्हर्न म्हणाला.

"तू न बोलताच जास्त बोलतोस," ती म्हणाली. मग एमेटला दारापर्यंत घेऊन गेली आणि आवाज खाली केला. "आज शर्टाची बटणं मी लावली. दोन महिन्यांनी बूटही मलाच घालावे लागतील. पण ते माझं मी बघेन. तू चौतीस वर्षं बघितलंस."

चौतीस वर्षं. एमेट विशीत असताना बापाला हृदयाचा झटका आला होता आणि व्हर्न म्हणाला होता, "एक उन्हाळा मदतीला ये." तो उन्हाळा संपलाच नाही. बाप गेला. मग व्हर्नची पोरं लहान होती. मग नदीला पूर येऊन दुकानात छातीभर पाणी शिरलं. डेन्व्हरला गेलेली एक मुलगी दोन वर्षं त्याची वाट बघत राहिली आणि नंतर तिने तिथल्याच एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. एमेट दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा, खाली उतरला की काम, वर चढला की झोप. कुणी त्याला दावणीला बांधलं नव्हतं. तीच तर गोची होती, सोडवायचं म्हटलं तर गाठ सापडायची नाही.

तीनच्या सुमाराला ऊन फार झालं म्हणून त्याने शटर अर्धं खाली ओढलं. चावी फिरवून वीज चालू ठेवली आणि पाठीखालच्या फळीवरून सरकत सरकत तो गाडीच्या मागच्या बाजूने बाहेर आला. आणि तसाच उताणा पडून राहिला.

मागचे दोन्ही ब्रेकलाइट पेटले होते. पेटले म्हणजे अगदी अंधुक, विझत्या निखाऱ्यासारखे. ब्रेकवर कुणाचाही पाय नव्हता.

साधा तारेचा बल्ब रिलेच्या एवढ्याशा विजेवर असा धुगधुगत नाही, पेटतच नाही. एमेट उठला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डाव्या दिव्याची लाल काच उतरवली. आत बल्ब नव्हता, नव्या तऱ्हेचा एलईडी होता. उजवीकडेही तोच.

आता ही एक जुनी कारागिरी होती, पंचक्रोशीत फक्त याच दुकानाची. रिलेला अर्थिंगची वेगळी वायर द्यायचीच नाही, ब्रेकलाइटच्या बल्बमधल्या तारेतूनच द्यायची. ब्रेक मोकळा असला की त्या तारेतून वीज जाते, रिले ओढला जातो, लॉकअप लागतं. ब्रेक दाबला की दोन्हीकडून वीज येते, रिले पडतो, लॉकअप सुटतं. एका वायरीत दोन कामं. पण बल्ब तारेचाच हवा. एलईडी घातला की वाट बंद, रिले मेला. आणि ब्रेक दाबला तर दिवा झकास लागतो, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. ही युक्ती एमेटला व्हर्ननेच शिकवली होती.

एमेटने काचेखालची जागा बोटाने चाचपली. स्क्रूभोवती रंगावर ओरखडे होते, दहा-पंधरा, स्क्रूड्रायव्हर घसरून घसरून पडलेले. स्क्रूंची डोकी कुरतडल्यासारखी झाली होती. अकरा हात दिलेला तो गडद निळा रंग खालच्या पांढऱ्यापर्यंत खरवडला होता.

"व्हर्न," तो म्हणाला.

व्हर्न स्टुलावरून उठला नाही.

"कधी?"

"मंगळवारी. तू ग्रँड आयलंडला सामान आणायला गेला होतास तेव्हा."

"किती वेळ लागला तुला?"

"एका दिव्याला चाळीस मिनिटं. दुसऱ्याला जास्तच."

"तुला माहीत होतं, काय होणार ते?"

"न कळायला मी काय खुळा आहे? मीच तर शिकवलं तुला."

एमेटच्या हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर जाऊन आदळला. "अरे चौतीस वर्षं, व्हर्न! चौतीस वर्षं मी तुझ्या... अरे तोंड नव्हतं का तुला? थांब म्हणून सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर थांबला असतास."

"मग?"

"मग जन्मभर म्हणाला असतास, व्हर्नने अडवलं." व्हर्नने हात मांड्यांमधून काढले आणि ते थरथरत राहिले, त्याने ते लपवले नाहीत. "मला वाटलं, गाडीनेच अडवलं तर बरं. तिच्यावर तू कधी रागावत नाहीस."

एमेटच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. व्हर्न उठला आणि फळीवरचा कॉफीचा डबा घेऊन आला. आत वर्तमानपत्राच्या कागदात दोन जुने बल्ब गुंडाळले होते. त्याच्या हातात ते किणकिणत होते.

"घाल," तो म्हणाला. "माझी चूक झाली. घाल आणि जा."

घालायला चार मिनिटं लागली. एमेट एकटाच गाडी घेऊन हमरस्त्याला लागला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. ताशी पन्नास मैलांवर इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पळू लागली. तेलाचा काटा मधोमध, जागचा हलेना. एमेट मोठ्याने हसला, त्याने स्टीअरिंगवर थापा मारल्या, एकटाच ओरडला. एकोणीस वर्षं! समोर पश्चिमेचा रस्ता सरळ होता, दोन्हीकडे मका, आणि त्याला अडवणारं जगात काहीही नव्हतं.

दहा मैल तो तसाच गेला. काहीतरी वाजेल म्हणून कान देऊन बसला, पण काहीच वाजलं नाही. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण वाजण्याची वाट बघतोय. गाडी तयार नाही, म्हणून जाता येत नाही, असं तो एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत होता, स्वतःलाही. आता गाडी तयार होती. त्याला भीती वाटली.

पुढच्या फाट्याला त्याने गाडी वळवली.

दुकानाशी आला तेव्हा व्हर्न शटरपाशी वाकून कुलूप लावत होता. किल्ली कुलपाभोवती फिरत होती, भोकात जात नव्हती. व्हर्नने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. तरी जाईना. मग त्याने कपाळ शटरला टेकवलं आणि क्षणभर तसाच राहिला. गाडी आलेली त्याला कळली नव्हती. एमेट रस्त्यापलीकडून बघत होता. लव्हॉन म्हणाली होती ते माझं मी बघेन, पण दुकान ती कुठे बघणार होती? दुकान बंद पडलं की सकाळी उठून व्हर्न जाणार कुठे?

तो उतरला, व्हर्नच्या हातातून किल्ली घेतली आणि शटर पुन्हा वर केलं.

"लॉकअप लागलं?" व्हर्नने विचारलं.

"लागलं."

एमेट आत गेला आणि भिंतीवरचा फोन उचलला. शनिवारी शाळा बंद, पण पत्र पाठवणाऱ्या तंत्रशाळेच्या बाईंनी आपला घरचा नंबर देऊन ठेवला होता.

"मी लिंडक्विस्ट बोलतोय, होलबेकहून. सोमवारी मला नाही जमणार यायला. गाडीचं लॉकअप लागत नाहीये... नाही, चार दिवस झाले शोधतोय... नाही, दोष नाही सापडला." पलीकडे बाई बराच वेळ काही बोलत होत्या. एमेटचे कान लाल झाले होते. "हो, मलाच नाही सापडला. तुम्ही दुसरा कुणी बघा. माफ करा."

त्याने फोन ठेवला.

"सापडला नाही म्हणालास," व्हर्न म्हणाला. "अरे, इथून बॉइझीपर्यंत हसतील तुला."

"हसू देत."

"एमेट, तू जा. मी खरंच सांगतोय."

"गप बस, व्हर्न," एमेट म्हणाला, आणि फोर्ड कोपऱ्यात लावायला बाहेर गेला.

सोमवारी सकाळी आठ वाजता तो एका दुधाच्या ट्रकखाली उताणा होता. वरचा एक नट सैल होत नव्हता.

"व्हर्न, अर्ध्या इंचाचा पाना दे."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग पत्र्याच्या खणात पाने खडखडत राहिले, एक खाली पडला, व्हर्न पुटपुटला, पुन्हा खडखड. एमेटने ट्रकखालून हात बाहेर काढला, तळवा उघडा ठेवला आणि तो तसाच धरून राहिला.