गाडीखाली बघणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कुणी कधी कुंकू लावलं नाही. लांब दांड्याला तिरकं जोडून, खाली चाकं लावून मला कारखान्याबाहेर काढलं, आणि तेव्हापासून माझ्या नशिबी नुसती गाड्यांची पोटं! उत्तर आयर्लंडमध्ये अश्लेषाताई पोलिसांत आहे. कामावर निघण्याआधी ती रोज मला गाडीखाली फिरवते. कुणी बॉम्ब तर चिकटवला नाही ना, ते बघायला.

इथे शांततेचा करार झाला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तरी हा मुलूख ब्रिटनपासून तोडायचाच, असं डोक्यात घेतलेले मूठभर लोक पोलिसांना ब्रिटनचे हस्तक समजून अजून बॉम्ब लावतात. म्हणे देशप्रेम! चोरासारखं येऊन कुणाच्या लेकीच्या गाडीखाली मरण लावायचं, यात कसलं डोंबलाचं शौर्य?

गेल्या उन्हाळ्यात अश्लेषाची आई, सुमित्राबाई, साताऱ्याहून आली. लेक पोलीस झाली म्हणून तिने गल्लीभर पेढे वाटले होते. पावसाची झड थांबून लख्ख ऊन पडलं, तशी ती म्हणाली, "एवढं ऊन काय वाया घालवायचं?" आणि तिने लेकीचा गणवेश धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातला. तोही बिल्ला दिसेल असा, अगदी कौतुकाने!

अश्लेषा घरी आली आणि धावत जाऊन तिने तो ओलाच ओढून काढला.

"आई, काय केलंस हे! शेजाऱ्यांना वाटतं मी ऑफिसात कारकून आहे. इथे पोलिसांचे कपडे घरातच वाळतात."

"अगं, पण लपवायला तू काय चोरी केलीस?"

"नाही गं. पण नको त्याने पाहिलं असेल, तर हे घर सोडावं लागेल."

सुमित्राबाईने ओला गणवेश घरात नेऊन खुर्चीवर पसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला बाहेर आणलं. "तू लांब उभी राहा," लेकीला दटावून ती दुखऱ्या गुडघ्यांवर वाकली. गाडीखाली चिखलाशिवाय काही नव्हतं. तरी तिने मला चारी चाकांमागून पुन्हा पुन्हा फिरवलं.

"माझ्या लेकीने तोंड लपवायचं, आणि ते मेले उजळ माथ्याने हिंडणार?" ती कडाडली.

महिन्याभरात त्यांनी घर बदललं. कुणी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. मीही सामानाबरोबर आलो.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला अडगळीत टाका, गंजू द्या. सुमित्राबाई लेकीचा गणवेश बिनघोर उन्हात वाळत घालील, त्या दिवशी मला खुशाल फोडा!