माझं पेट्रोल कुठं जात होतं

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच 'बिचारी' म्हणून मोकळे होतात. मला ते मुळीच आवडत नाही. माझं इंजिन अजून एका चावीत सुरू होतं आणि नांदुऱ्याच्या बाजारात मोठ्या गाड्या अडकून पडतात तिथून मी बरोबर वाट काढते. माझं रडगाणं म्हातारपणाचं नाही. जे मला ठाऊक आहे ते सांगता येत नाही, याचं आहे. हॉर्न आहे एक, पण तोही दुसऱ्याच्या अंगठ्याखाली.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथला वेल्डिंगचा उजेड आणि रंगाचा वास एवढंच आठवतं. मला खरं कळू लागलं ते शालिग्रामभाऊंच्या दारात. त्यांचं नांदुऱ्यात खताबियाण्याचं दुकान आहे. मी आले त्या दिवशी त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चावी कचरूच्या हातात दिली.

कचरू माझा ड्रायव्हर. भाऊंना गाडी चालवता येत होती, पण त्यांना बाजूला बसून बोलत जायची हौस. दोघं एका वयाचे, एकाच मास्तरच्या हातचा मार खाल्लेले. मलकापूरला माल बघायला जायचं असो, बुलढाण्याला कचेरीत जायचं असो की कुणाच्या मातीला, पुढच्या दोन सीटवर त्यांच्या गप्पा आणि अडकित्त्याचा आवाज ठरलेला. कचरूचा हात इतका हलका की गिअर कधी बदलला ते मलाही कळत नसे. भाऊ पाहुण्यांना सांगत, "गाडी माही हाये, पण आयकते कचरूचंच." आणि माझं एव्हरेज! लिटरमागे सोळा-सतरा किलोमीटर मी हसत जायची.

मग एका मे महिन्यात राजूर घाट चढताना माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तापमानाचा काटा वर टेकला, बोनेटमधून वाफ निघू लागली. कचरूने मला सावलीला लावलं आणि घाटाखालून मिस्त्री आणला. मित्रांनो, माझ्या इंजिनात झडपेसारखा एक छोटा वॉल असतो. इंजिन गार असेपर्यंत तो पाणी अडवून धरतो आणि ते नीट गरम झालं की पाण्याला वाट देतो. तो अडकून बसला होता. नवा बसवला असता तर काम झालं असतं. पण मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आपल्याइकडच्या उन्हात हा वॉल कोणी ठेवतच नाई. काढून फेका. गाडी थंडीगार राहीन."

"फेक मंग," भाऊ म्हणाले. कचरूनेही मान डोलावली. आमच्या भागात ही रीतच आहे. मिस्त्रीने वॉल काढला आणि रस्त्याच्या कडेला भिरकावून दिला.

त्या दिवसापासून मी कधी तापले नाही. काटा तळाशी जो झोपला तो झोपलाच. भाऊ काचेवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत, "पाह्य, काटा हालत नाई! भर उन्हात!" लोक वा वा करत. अहो, वा वा कसली? इंजिनालाही आपली ऊब लागते. ती आली नाही की माझ्या आतल्या यंत्रणेला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झाली आहे, गारठली आहे, तिला जास्त पेट्रोल पाजा. भूक नसलेल्या लेकराच्या तोंडात घास कोंबावेत, तसं माझं झालं. एव्हरेज सतरावरून अकरावर आलं आणि इकडे काट्याचं कौतुक चालूच.

आधी इलाज झाले, नाही असं नाही. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरमध्ये हवा भरली, दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून पाहिलं. कुणी म्हणालं एसी लावू नका, तर दोघं घाम पुसत बसले. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी साचत होती, जादा पेट्रोल जळत असल्याची तीच खरी खूण होती. पण कचरू पडला नीटनेटका. रोज सकाळी फडक्याने ती पुसून काढायचा. पुसू नको रे बाबा, कुणालातरी दिसू दे, असं माझ्या किती मनात येई!

मग दुकानात बसणाऱ्यांची तोंडं सुटली. "भाऊ, गाडी पेट्रोल पेत नसते, मानूस पेते," असं एकजण म्हणाला. भाऊ तेव्हा हसले. पण ते पडलं बियाण्याचं दुकान, तिथं संशयाचं बी उगवायला कितीसा वेळ? त्यांनी पेट्रोलच्या झाकणाची चावी स्वतःच्या खिशात ठेवली. तरी एव्हरेज तेवढंच. खरं तर शहाण्याने इथंच ओळखावं. पण भाऊंच्या मनाने घेतलं की कचरू खालून पाइप सोडून पेट्रोल काढत असेल.

एक दिवस दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी समोरच उभी होते. भाऊंनी कचरूला हाक मारली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कचरू, खरं सांग बे. पेट्रोल जाते कुठं?"

कचरूला थट्टाच वाटली. "गाडीलेच इचारा ना, भाऊ," तो हसून म्हणाला.

"तुले इचारून राह्यलो मी."

कचरूचं हसू गेलं. "मले चोर म्हनून राह्यले का तुमी?"

भाऊंनी पावतीपुस्तक पुढे ओढून पान उलटलं.  कचरूने चावी काउंटरवर ठेवली, माझ्याजवळ येऊन डिकीतलं आपलं फडकं काढलं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. मित्रांनो, सगळं माझ्या पोटात होतं. पेट्रोल कुठं जातं ते त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? उभी राहिले. मला दुसरं येतं काय?

घरी मंजुळाबाई पुष्कळ बोलल्या. "आपल्या पोरीले ज्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याले चोर म्हनता? जीभ कशी उचलली तुमची?" भाऊ उठून बाहेर गेले.

आता ते मला स्वतः चालवू लागले. बाजूची सीट रिकामी, गाडीत चकार शब्द नाही. आणि पेट्रोल? ते तसंच संपत होतं! आता तर चालवणारेही भाऊच आणि चावीही त्यांच्याच खिशात. एकदा मोताळ्याच्या रस्त्यावर त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं, मला कडेला घेतलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मलकापूरला राजकुमार मिस्त्रीकडे नेलं.

राजकुमार आत बसला आणि म्हणाला, "काका, नांदुऱ्याहून आले, तरी काटा उठला काऊन नाई?" मग त्याने बोनेट उघडून पाइप सोडला. "वॉलच नाई इच्यात. थंडं इंजिन पेट्रोल ओढनच ना. कोनी काढला हा?"

"मीच काढायले लावला," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले.

राजकुमारला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्याने नवा वॉल बसवला. परतताना काटा हळूहळू उठून मध्यावर आला आणि माझ्या अंगात पहिल्यासारखी ऊब पसरली. मी इतकी खूश होते की काय सांगू! आता भाऊ थेट कचरूच्या घरी जातील, असं मी धरून चालले होते. त्याच्या गल्लीचं वळण आलं. भाऊंनी गाडी हळू केली आणि मग सरळ पुढे नेली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. दुकानात लोक म्हणू लागले, "कचरू गेला अन् गाडीनं एव्हरेज देलं, घ्या!" भाऊ खाली मान घालून पिशव्या मोजत राहायचे.

परवा रेल्वे फाटक बंद होतं. भाऊंनी मला थांबवलं, तर शेजारी सायकल धरून कचरू उभा. तो वाळला होता. त्याने भाऊंकडे आधी पाहिलंच नाही, माझा आवाज ऐकला आणि बोनेटवर तळवा ठेवला.

"आता बरी वाजून राह्यली," तो म्हणाला. "एव्हरेज देते का, भाऊ?"

"देते."

"मंग लोक खोटं नाई म्हनत. चोर गेला अन् पेट्रोल वाचलं."

भाऊंचे ओठ हलले. तेवढ्यात मालगाडी आली. डब्यामागून डबे, ती काही संपता संपेना. बोल रे शालिग्राम, आता तरी बोल, असं माझं इंजिन आतल्या आत घुमत होतं. एवढा वेळ कुणाला मिळतो? गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न मारू लागले. कचरूने सवयीने मागे सरकून हाताने वाट दाखवली, "येऊ द्या, येऊ द्या." भाऊंनी गिअर टाकला आणि आम्ही रूळ ओलांडले.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली तर आधी बोनेट उघडून पाहा, माणसाचा खिसा चाचपू नका. गाडीतलं कुठलंच अंग उगाच बसवलेलं नसतं, ते कुणाच्या सांगण्यावरून फेकू नका. आणि आपली चूक कळली तर ज्याला बोल लावला त्याच्या दारी जा, सगळ्यांदेखत जा. भाऊ अजून गेलेले नाहीत. लिटरला सतरा देणारी मी रोज त्यांच्या दुकानासमोर उभी असते, आणि जितकी चांगली चालते तितका माझा कचरू चोर ठरतो.