शेजारच्या सीटखालचा ब्रेक

क्लास बंद झाल्यापासून त्या पेडलवर कुणाचा पाय पडायचं काही कारण नव्हतं, तरी त्याच्या रबरावर धूळ नव्हती. मी वाकून नीट पाहिलं. उजव्या कोपऱ्यातल्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, डाव्या कोपऱ्यातल्या शाबूत होत्या. खाली मॅटवर टाचेचा गोल ठसा होता. त्यात माझी दोन बोटं आरामात मावली, तिसरं मावेना. आमच्या घरात एवढ्या लहान टाचेची चप्पल एकाच व्यक्तीची आहे.

गाडी बाबांच्या ड्रायव्हिंग क्लासची. शिकणारा चुकला तर मास्तरांना थांबवता यावं म्हणून शेजारच्या सीटखाली एक जादा ब्रेक बसवलेला. बाबा आयुष्यभर त्या सीटवर बसले आणि अर्ध्या शहराला गाडी शिकवली, मलासुद्धा. क्लास बंद केल्यावर ते सरकून स्टेअरिंगवर आले आणि मास्तरांच्या जागी आई बसायला लागली.

"तू ब्रेक मारतेस?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"मारत नाही. टेकवते."

"कधीपासून?"

"तो सायकलवाला आडवा आला तेव्हापासून. हे म्हणाले, हा कुठून उगवला? अगं, तो कोपऱ्यापासून दिसत होता. मला, भाजीवालीला, तिच्या मांजराला. फक्त यांना सोडून."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना कडेचं कमी दिसतं असं सांगितलं होतं. गाडी सरळच जाते, कडेचं बघायचंय कशाला, म्हणून बाबांनी तो विषय संपवला होता. त्यांनी आता गाडी चालवू नये हे आईला कळत होतं, मलाही कळत होतं. पण ज्यांनी अर्ध्या शहराच्या हातात स्टेअरिंग दिलं, त्यांच्या हातातून ते काढून कोण घेणार? आम्ही रोज ठरवायचो, उद्या बोलू. आणि रोज आई शेजारी बसून ब्रेक टेकवायची.

"पण तुला ब्रेकबद्दल आजच का विचारावंसं वाटलं?" आईने कांदा चिरता चिरता विचारलं.

"गाडी सुरू होत नाही म्हणून आत काय झालंय ते बघत होते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट्रोल घेत नाही."

आई कांद्याकडे बघत राहिली. फारच लक्ष देऊन.

"आई?"

"निळा होता," ती हळूच म्हणाली. "चपटा. गाडीतल्या फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर पेट्रोल पंपाचं चित्र काढलंय, त्याच्याखालचा. यांनी इतक्या पोरांना इतक्या वेळा शिकवलंय, मी काय घरात बहिरी होते? काढला आणि बटणांच्या डबीत टाकला. गाडी बंद पडली की आपोआपच चालवणं सुटेल, भांडण नको."

युक्ती चांगली होती. फक्त बाबा कसे वागतील, एवढं तिने हिशेबात धरलं नव्हतं. दार उघडून ते आत आले, ते हात चोळतच.

"वकिलांशी बोललो," ते म्हणाले. शेजारचे वकील म्हणजे हौशी माणूस, त्यांच्याकडे जीप आहे. "ते पुढून ओढतील, मी मागे स्टेअरिंगवर बसतो. उतारावरून सरळ गॅरेज. दोर मात्र चांगला हवा. चला, बाजारात जाऊ."

ते चपला घालायला बाहेर गेले. मी आईच्या हातातून चाकू काढून बाजूला ठेवला.

"तू काय करून ठेवलंस माहितेय? इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत मिळत नाही, पेडल दगडासारखं होतं. स्टेअरिंगही जड. ओढल्या जाणाऱ्या गाडीत मागच्याला पुढच्यापेक्षा जास्त बघावं लागतं. आणि तुझ्या टेकवण्याने ती गाडी अजिबात थांबणार नाही."

"मग परत लावून टाकू फ्यूज?"

"मग ते स्वतःच चालवत नेतील."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एका प्रश्नाची दोन्ही उत्तरं चूक निघाली की प्रश्न तपासायचा असतो, हे मी मुलांना सांगत असते. तेव्हा मला ते आठवलं नाही.

गाड्यांच्या सामानाचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही भिंतींवर खिळ्यांना साखळ्या, पट्टे, आरसे, वायपर लटकलेले. दुकानदार बाबांचा जुना विद्यार्थी. तो उठूनच उभा राहिला.

"मास्तर! या, या. रिव्हर्स अजून जमत नाही हो मला."

"म्हणून तर दुकान टाकलंस. एका जागी उभं राहायचं काम."

दुकानदाराने आधी नायलॉनचा जाड दोर काढला, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. मी दोर हातात घेऊन ओढून पाहिला.

"हा ताणला जातो. तुटला तर आकडा गोफणीसारखा सुटेल, आणि मागच्या गाडीची काच फोडून आत येईल."

"म्हणजे माझ्याकडे," बाबा खुशीत म्हणाले. "नको. पुढचं दाखव."

पुढचा होता चपटा पट्टा. त्यावर किती वजन पेलेल ते छापलेलं. आमच्या गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट. आकड्यांना निसटू नये म्हणून खटके होते. खोट काढायला जागाच नव्हती. मी आईकडे बघितलं. आईने चष्मा लावला, पट्टा नाकाशी धरला.

"शिवण विरळ आहे."

"काकू, कारखान्याची शिवण आहे," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच. जीव लावून कोण शिवतंय तिथे?"

"बरोबर आहे हिचं," बाबा म्हणाले. मला जरा नवल वाटलं. आईचं एखादं म्हणणं बाबांना एका दमात पटल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. "पुढचं."

दुकानदाराने माळ्यावरून लोखंडी दांडा काढला. दोन गाड्यांमध्ये हा लावला की अंतर कमी होत नाही, मागची गाडी पुढचीवर आदळत नाही. दोरापेक्षा खूपच बरा. पण स्टेअरिंग मागच्यालाच सांभाळायचं, म्हणजे पुन्हा बाबाच.

"हा पिवळा आहे," आई म्हणाली.

"हो, लांबून दिसावा म्हणून."

"आपली गाडी लाल आहे."

दुकानदाराने दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"वाईट दिसेल खरं," बाबा गंभीरपणे म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. वरून तिसरं बटण इतरांपेक्षा मोठं होतं आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी दोऱ्याने शिवलेलं होतं. आई असं बटण कधीच लावणार नाही. मी ते पाहिलं, नोंद घेतली आणि त्यातून काहीच निष्कर्ष काढला नाही. गाडी उतारावरून जाण्याच्या चिंतेत मी होते.

"बाबा, सपाट पाठीचा ट्रक बोलवू," मी म्हणाले. "गाडी उचलून वर ठेवतात, चाकं बांधतात. कुणाला काही चालवावंच लागत नाही. सगळ्यात सुरक्षित तेच."

"उत्तम. मी वर गाडीत बसेन."

"मास्तर, वर कशाला?" दुकानदार कळवळून म्हणाला. "गाडी बांधलेली असते!"

"स्टेअरिंगवर कुणी नको?"

"अहो, तुम्ही ट्रकवर बसून हॉर्न वाजवत जाणार का सगळ्या बाजारातून?" आई कडाडली.

"का नाही? ओळखीचे भेटतील."

"अहो, पण..." आई म्हणाली. आम्ही दोघी घामाघूम झालो होतो. बाबांनी शांतपणे खिशात हात घातला आणि काउंटरवर, दोर, पट्टा आणि दांडा यांच्या शेजारी, काहीतरी छोटं ठेवलं. निळं. चपटं.

"हे पण साधन आहे," ते म्हणाले. "हे लावलं तर बाकी काही लागत नाही. बटण तुटलं म्हणून डबी उघडली होती."

आईने पदराने चेहरा पुसला. त्यामागे ती हसतेय की काय, कळेना.

"मग तुम्ही आम्हाला इथे कशाला आणलंत?" मी विचारलं.

"बघायचं होतं. मला एक वाक्य सांगायचं टाळण्यासाठी तुम्ही दोघी काय काय विकत घेता ते." ते आईकडे वळले. "आणि तुझा पाय. मी त्या सीटवर जन्म काढलाय. दुसऱ्याचा ब्रेक मला कळणार नाही? पहिल्या दिवसापासून कळतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?" ते फ्यूज बोटाने पुढे-मागे सरकवत राहिले. "क्लासमध्ये मी नुसता ब्रेक मारून गप्प नाही बसलो कधी. का मारला ते तोंडाने सांगायचो. लागलं तरी. नाहीतर समोरचा शिकणार काय? या दुकानदाराला विचार."

"खूप लागायचं," दुकानदार म्हणाला.

"हं. मग सांग, मोजपट्टी," बाबा मला म्हणाले. लहानपणापासून मी घरभर मोजत फिरायचे म्हणून त्यांनी ठेवलेलं नाव. त्यांचा आवाज चेष्टेचाच होता, पण बोट फ्यूजवर थांबलं होतं. "सांगून टाक."

मी काउंटरवरून फ्यूज उचलला. मुठीत घेतल्यावर तो अगदीच हलका लागला.

"बाबा, आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. मी चालवणार. तुम्ही शेजारी तुमच्या जुन्या सीटवर बसायचं. आणि त्या सीटखालचा ब्रेक मी आधी काढून टाकणार."