घरी ऐकणारा

त्याने वही मास्तरांच्या टेबलावर आपटली आणि उभ्या उभ्याच विचारलं,

"हा कोण?"

उच्चारवर्गाचे मास्तर फळा पुसत होते. हात झटकून त्यांनी वही उघडली. अक्षर बघताच त्यांचा आवाज खाली आला.

"तुमच्या मिसेस गेल्याचं कळलं. फार वाईट झालं."

"ते राहू द्या. हा रकाना बघा. 'घरी ऐकणारा'. रोज लिहिलंय, 'हे'. त्रेसष्ट दिवस. मी एकदाही ऐकलेलं नाही. मग हा कोण?"

मास्तर गोंधळले.

"घरी कोणी ऐकल्याशिवाय मी पुढचा धडा देत नाही. इंग्रजी शब्दाच्या तोंडाशी तीन-तीन व्यंजनं चिकटून येतात. मध्ये स्वर घुसला तर बोलणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. म्हणून मागून बांधत यायचं. री, ट्री, स्ट्री."

री, ट्री. हे त्याने स्वयंपाकघराच्या बंद दारातून ऐकलं होतं. दार ढकललं की ती गप्प व्हायची. कोणाशी बोलत होतीस? कोणाशी नाही हो. तेव्हापासून तो तिचा फोन चोरून बघायचा.

"नातीला तिच्या इंग्रजी पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायची होती त्यांना," मास्तर म्हणाले. "तुमचं कौतुक करायच्या. ह्यांचा कान फार तिखट, म्हणायच्या."

"माझा? की त्याचा?"

मास्तरांनी वही जवळ ओढली. रकान्यापुढे तिने लिहिलेले शेरे ते मोठ्याने वाचू लागले.

"'स्प्र'ला मी अडखळले. पुन्हा म्हण, म्हणाले... पेपर बाजूला ठेवून, चष्मा कपाळावर चढवून ऐकलं... आज शाबास म्हणाले. लगेच चहा मागितला, बिनसाखरेचा."

त्याचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. तो काढून हातात घेत त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"यातलं काहीच झालं नव्हतं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

तो चष्म्याच्या काडीची उघडझाप करत राहिला.

मास्तर एकेक पान मागे उलटत पहिल्या पानावर आले. तिथे एकच ओळ होती.

"'स्प्रिंग' म्हणून दाखवलं. हे खूप हसले." ते थांबले. "म्हणजे हेही..."

"नाही," तो म्हणाला. "तेवढं झालं होतं."