बेबीनंदासाठी सोपं गाणं

नाताळाला पियानोवर कुणी काय वाजवायचं हे पियानो शिकवणाऱ्या सत्यशीलाबाई ऑक्टोबरातच ठरवून टाकायच्या आणि त्यात कुणाची लुडबुड चालू द्यायच्या नाहीत. चर्चचे पाळक अप्पाराव दरवर्षी म्हणायचे, "बाई, नवी पोरं आहेत, द्या काहीतरी सोपं." काहीतरी सोपं! भाजीवाल्याकडे वरून कोथिंबीर मागावी तसं. बाईंचं डोकंच फिरायचं. नवशिक्याला गाणं द्यायचं तर आधी त्याचा हात बघावा लागतो. पाची बोटं एका जागेवरून हलायला नकोत, काळ्या पट्ट्या शक्यतो नकोत, आणि चाल अशी हवी की पोर मध्येच अडकलं तरी मागे मंडळी गात राहतील आणि गाणं बुडणार नाही.

त्यातून डाव्या हाताचं दुखणं वेगळंच. जालन्यातली ही सगळी पोरं आधी पेटीवर शिकलेली. पेटीला उजवा हात सूर धरतो आणि डावा भाता हलवतो. त्यामुळे पियानोपुढे बसवलं की उजवा हात बरा चालायचा आणि डावा उगाच मांडीवर पुढेमागे व्हायचा. तो भाता सोडवण्यात बाईंचं वर्ष वर्ष जायचं.

बेबीनंदाचा भाता सहा महिन्यांत सुटला. ती कचरूची पोर. कचरू मिशनच्या दवाखान्यात माळी होता आणि रविवारी भजनाला पेटी वाजवायचा. बेबीनंदा दहावीला होती. शाळा सुटली की ती थेट मिशनच्या देवळात यायची, पियानोवरची धूळ पुसायची, वाजवायची आणि अंधार पडायच्या सुमारास बाईंना घरापर्यंत सोडायची. वाटेत शाळेतल्या गमती सांगायची. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, भाऊ होता तो नाशिकला. दिवसभरात बाईंशी पोटभर बोलणारं माणूस म्हणजे ही एवढी पोरगी.

त्या वर्षी ऑक्टोबरात तिने नाताळाचं मेंढपाळांचं गाणं स्वतःच उचललं. ते अवघड. उजव्या हाताचा अंगठा बोटांखालून सरकवत वर चढायचं, आणि खाली डाव्या हाताने माणूस चालल्यासारखं एकसारखं चालत राहायचं. बाईंनी शिकवलं नव्हतं, तरी पोरीने नुसतं ऐकून बसवलं. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यांना इतका आनंद झाला की आत जाऊन तिला तसं सांगायचंही भान राहिलं नाही.

त्याच आठवड्यात अप्पाराव बातमी घेऊन आले. औरंगाबादच्या एका मुलींच्या बोर्डिंग शाळेच्या मुख्याध्यापिका नाताळाच्या कार्यक्रमाला येणार होत्या. सकाळच्या प्रार्थनेला पियानो वाजवणारी मुलगी त्यांना हवी होती. मुलगी पसंत पडली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं शाळेकडे.

"आपली बेबी आहेच की," अप्पाराव म्हणाले. "नाहीतर दहावी झाली की कचरू तिला आईबरोबर दवाखान्याचे कपडे धुवायला लावणार. बाई, पोरीचं सोनं होईल."

"होईल ना," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बेबीनंदा आली. बाईंनी कपाटातून बाळ येशूच्या गव्हाणीच्या गाण्याचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. सगळ्यांत सोपं गाणं. पाच सूर, सगळे पांढरे, आणि डाव्या हाताला ओळीच्या शेवटी एक सूर धरून ठेवायचा, बस्स.

बेबीनंदाने कागद पाहिला. "बाई, हे तर बारक्या पोरांचं हाय. मी ते मेंढपाळांचं बसवून राह्यले ना?"

"त्याला अजून वेळ आहे. तुझा डावा हात अजून पेटीचाच आहे. मध्येच भाता मारतो. तुला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं."

हे साफ खोटं होतं. बेबीनंदाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाने फसवावं तसा तिचा चेहरा झाला. मग ती म्हणाली, "मंग बरं झालं बाई तुम्ही सांगितलं. सगळ्यांसमोर फजिती झाली असती."

बाईंना वाटलं होतं, पोरगी वाद घालेल. वाद घातला असता तर कदाचित त्यांनी कागद परत उचललाही असता. तिने एका शब्दात मानलं, आणि कागद तिथेच राहिला.

नोव्हेंबर तसाच गेला. बेबीनंदा गव्हाणीचं गाणं घोटत राहिली. डावा हात ती आता नजरेखाली ठेवायची, चोराला ठेवतात तसा. बाई रोज मनाशी म्हणायच्या, उद्या सांगते. मग परतीच्या वाटेवर पोरगी काहीतरी सांगून त्यांना हसवायची, आणि ही वाट पुढच्या वर्षी एकटीने चालायची आहे असं मनात आलं की बाईंची जीभ उचलायची नाही. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. स्वतःची लाजही वाटत होती. पण लाज वाटली म्हणून त्यांनी काही बदललं नाही.

एकदा कचरू कुंड्यांना पाणी घालताना भेटला. "बाई, घेतील का हो पोरीला तिकडं? तिची माय रोज प्रार्थना करून राह्यली."

"बघू. देवाच्या हातात आहे," बाई म्हणाल्या. देवाचं नाव इतक्या सहज घेतलं म्हणून त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

नाताळाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं. बेबीनंदा नवा पिवळा फ्रॉक घालून आली, पियानोपुढे बसली आणि गव्हाणीचं गाणं एकही चूक न करता वाजवून उठली. टाळ्या पडल्या. कचरूचे डोळे भरून आले.

चहाला अप्पारावांच्या अंगणात सगळे जमले. मुख्याध्यापिका करंजी खात म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो. पण हे एवढं तर कुणीही वाजवेल. आमच्याकडे रोज सकाळी तीनशे मुली गातात, त्यांना ओढून नेणारा हात लागतो. दुसरीकडे एक मुलगी पाहून ठेवलीय, तिलाच घेते."

कचरू कपबशी घेऊन तिथेच उभा होता. त्याने कपबशी खाली ठेवली.

"थांबा मॅडम," सत्यशीलाबाई एकदम म्हणाल्या. "तिला याच्यापेक्षा पुष्कळ अवघड येतं. चला, आत्ताच ऐका."

त्यांनी बेबीनंदाचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला देवळात नेलं. मागोमाग मॅडम, अप्पाराव, कचरू. "मेंढपाळांचं वाजव," बाई म्हणाल्या.

बेबीनंदाने बाईंकडे पाहिलं. उजवा हात ठेवला, दोन ओळी वाजवल्या, सुरेख वाजवल्या. डावा हात वर आला, पट्ट्यांपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. तिने तो मागे घेऊन फ्रॉकच्या घोळात लपवला.

"न्हाई बाई. मला न्हाई येत. माझा हा हात पेटीचा हाय."

"येतं तुला! ऑक्टोबरात वाजवलंस, मी ऐकलंय."

"तवा बी भाता मारला असंल. मला कळत न्हाई ना."

बाई मॅडमकडे वळल्या. "मी खोटं बोलले तिच्याशी. तिचा हात चांगला आहे. ती इथून जाऊ नये म्हणून मी मुद्दाम सोपं गाणं दिलं. चूक माझी आहे, तिची नाही."

मॅडमनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, विद्यार्थ्यासाठी इतका कमीपणा घेणारी शिक्षिका मी पाहिली नाही. पण नवीन मुलीला सोपं द्यायचं नाही तर काय द्यायचं? तुमचं बरोबरच आहे."

"मॅडम, मी खरं सांगतेय."

"लई माया करतात बाई पोरीवर," कचरू मॅडमना म्हणाला. "तिच्यासाठी सोताला खोटं पाडून घेऊन राह्यल्यात." त्याने बाईंना हात जोडले. बाईंना ते हात धरून खाली करावेसे वाटले, पण तेवढंही जमलं नाही.

मॅडमची जीप गेली. अप्पाराव आणि कचरू बाकं सरकवायला गेले. बाई पियानोपाशीच बसून होत्या. बेबीनंदा त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बाई, रडू नका ना. मला काई वाईट न्हाई वाटलं."

"बेबी, मी खरंच खोटं बोलले होते गं."

"असं नका बोलू. तुम्ही होत्या म्हणून आज निभावलं. पुढच्या नाताळाला बी मला सोपंच काढून ठेवा." मग बाईंना बरं वाटावं म्हणून ती हसली. "आन् आता मी कुठं चालले? कपडे धुऊन झाले की रोज संध्याकाळी येत जाईन. तुम्हाला घरी सोडायला हाय मी."