दगडावर उलटं साल

मुजफ्फरने कबरीच्या दगडाचा फोटो मोबाइलवर पाठवला तेव्हा मदीहा भद्रावतीला, सासरच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. वरोऱ्याच्या कब्रस्तानात अम्मीच्या उशाशी आज दगड बसला होता. तिने फोटो मोठा करून वाचला आणि तिथूनच भावाला फोन लावला.

"दगड वाचला का तू?"

"कसा वाचणार, आपा? उर्दू मले कुठी येते? काऊन, काय झालं?"

"जन्म पंधराशे एक्क्याण्णव. मृत्यू बत्तीसशे दोन. अजून मरायचीच आहे म्हणे आपली अम्मी!"

१९५१ आणि २०२३. दोन्ही सालं उलटी कोरली होती.

त्यांची अम्मी सुलताना वरोऱ्याच्या उर्दू शाळेत पहिलीला शिकवायची. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडे, हे वळण पोरांच्या हाताला लावण्यात तिचा जन्म गेला. मुजफ्फरला मात्र नोकरीच्या आशेनं तिनंच मराठी शाळेत घातलं होतं.

मदीहाने पुढची बस पकडली. दगडाच्या दुकानात पोचेपर्यंत तिचा राग उतरला नव्हता, उलट वाढला होता. मुजफ्फर आधीच येऊन खाली मान घालून उभा होता.

दुकानवाला प्रवीण म्हणाला, "ताई, तुमच्या भावानं डिझाइन पाहूनच हो म्हटलं. कोरल्यावर आता काय करू? दगड हाय, पाटी नाई."

"आकडे उलटे कोणी केले?"

"कॉम्पुटरनं सरळ टाकले होते. मीच फिरवले. मले वाटलं, उर्दू उलटी लिहितात तर आकडे बी उलटेच असतील."

"उलटी?" मदीहाचा आवाज चढला. "आमची उलटी, आणि तुमची तेवढी सरळ? बरोबर होतं ते तुम्ही हात लावून बिघडवलं! एका माणसाला तरी विचारायचं होतं!"

"पण एकाच ओळीत हात दोन दिशांना चालतो का कुठी?"

"पंचवीस लिहा."

"काय?"

"लिहा म्हणते ना!"

प्रवीणने खडूने टेबलावर २५ लिहिलं.

"तोंडाने आधी पाच म्हणता, मग वीस. हाताने आधी दोन लिहिला, मग पाच. तुमचं तोंड एकीकडे, हात दुसरीकडे. म्हणून कोणी तुमचं पंचवीस फिरवून बावन्न केलं का?"

प्रवीण त्या आकड्याकडे बघत राहिला. "हे कधी ध्यानातच नाई आलं," तो पुटपुटला.

मुजफ्फर हळूच म्हणाला, "आपा, कब्रस्तानात वाचते कोण? नाहीतर इंग्रजी आकडे टाकून देऊ. सगळ्यांले समजतील."

ती त्याच्याकडे वळली. "वाचणारे उरले नाहीत म्हणून चुकीचं लिहायचं? तुझं लग्नाचं कार्ड छापलं तेव्हा अम्मीनं तीनदा तपासलं होतं. तेही मराठीत! तिच्यासाठी मला एक फोन करणं जड झालं तुला?"

मुजफ्फरचे डोळे भरून आले. पण तिने त्याची समजूत काढली नाही.

मग प्रवीणने स्वतःच तोडगा काढला. दगड काढून आणायचा आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा कोरायचं. "मागून पॉलिश नाई ताई, खरबरीत दिसल."

"दिसू द्या."

दुपारी दगड हातगाडीवरून परत आला. मदीहाने खडूने त्यावर आधी उजवीकडून नाव लिहिलं. मग हात उचलला, जागा सोडली आणि डावीकडून साल लिहिलं. प्रवीण छिन्नी चालवत होता तोवर ती स्टुलावरून हलली नाही. चहा आला, तो तिने घेतला नाही.

संध्याकाळी मुजफ्फर दगड बसवायला आत गेला. त्यांच्याकडे बायका कब्रस्तानात जात नसत, म्हणून मदीहा फाटकाशी थांबली. बाहेर येऊन त्याने फोटो दाखवला. साल बरोबर होतं.

"आणि उलटी बाजू?"

"भिंतीकडं केली. आता कोणाले दिसत नाई."

"आहे तर खरी," मदीहा म्हणाली आणि भावाची वाट न पाहता बसस्टँडकडे चालू लागली.