नवाचा काटा

तिरकं अक्षर आपल्या भाषेचं नव्हे, असं मला पुण्याच्या एका परिसंवादात दोन म्हाताऱ्यांनी ऐकवलं होतं. मी रत्नागिरीला परतले आणि हट्टानं तेच केलं. दोन वर्षं डोळे फोडून एक फॉन्ट काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'वारा'. शिरोरेषा आडवी, सरळ; खालचं अंग अकरा अंश कललेलं. जाड-बारीक नाही, फुलोरा नाही, सगळी रेघ एका जाडीची.

वारा चालला. आंब्याच्या पेट्यांवर गेला, क्रिकेटच्या टी-शर्टांवर गेला, एका दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर आणि पावस गावच्या टेंपोच्या पाठीवरसुद्धा गेला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू!

एकच आकडा मला छळत होता, नऊ. त्याच्या गाठीतून डावीकडे एक काटा बाहेर येतो. उभ्या अक्षरात तो शोभतो, पण अक्षर कललं की शेजारच्या आकड्याला टोचतो. मी तो छाटला आणि नखाएवढा ठेवला. दिसायला नऊ कसा चपळ झाला.

मग हेदवीच्या बाजूच्या एका घळीसाठी दीपकनं फलक मागितला. त्याची तिथे वर खानावळ आणि राहायच्या खोल्या आहेत. भरतीचं पाणी घळीत शिरून उसळतं ते बघायला लोक येतात, आणि वेळ चुकली तर त्या पाण्यातच सापडतात. म्हणून तिथीप्रमाणे भरतीच्या वेळांचा तक्ता. अर्थात वारामध्ये. फलक चढवायला आमचा रंगारी अनिल होता. तो शिडीवरूनच म्हणाला, "ताय, ह्यो नव हाय का येक?"

"वरच्या ओळीत सव्वाआठ आहे ना? सव्वाआठनंतर एकदम एक येईल का? डोकं वापर की."

"मी वापरीन वो. येनारा वापरील काय?"

"चष्मा लाव," मी म्हटलं. वर हसलेही.

गावातल्या कुणी तो फलक कधी वाचलाच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, बारसेला म्हणजे बाराव्या तिथीला नऊ. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही येतं. त्यामुळे दिवाळीपासून मेपर्यंत चूक कुणाच्या नजरेस आली नाही. फलक होता बाहेरच्यांसाठी, आणि बाहेरचा माणूस फक्त आपल्या दिवसाची ओळ वाचतो.

मेमध्ये माझी धाकटी बहीण राही लेकीला, दिशाला, घेऊन पुण्याहून आली आणि दीपककडे उतरली. रविवारी सकाळी पावणेनऊला मी फोन हातात घेतला, तर तिनं फलकाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'ताई, तुझं अक्षर! आज बारस, भरती एक वाजता. आम्ही निवांत खाली उतरतोय.' पाठवल्याची वेळ आठ वाजून दहा मिनिटं.

मी फोटो मोठा केला. खाऱ्या हवेनं आणि उन्हानं तो नखाएवढा काटाही खाल्ला होता. बारसेसमोर स्वच्छ एक होता. त्याखालच्या ओळीत ९.४५ मधला नऊही एक झाला होता, म्हणजे शंका यायला जागाच नव्हती.

राहीचा फोन लागेना. घळीच्या खाली रेंज नसते, हे मला ठाऊक होतं. दीपकनं उचलला. "दोरी घेऊन पळ," एवढंच मी ओरडले, आणि तो का, कशाला न विचारता पळाला. पुन्हा राही, पुन्हा राही. सातव्यांदा लागला.

"अगं, आम्ही वरच आहोत," ती म्हणाली. "दिशाला भूक लागली म्हणून परत फिरलो."

मी जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. देवाचे आभार मानले, जे मी एरवी मानत नाही.

"काय झालं ताई? अगं, खाली कॉलेजची काही मुलं उतरलीत, त्यांना मराठी आकडेच वाचता येईनात. सात जण आहेत. मला विचारलं भरती कधी, तर मी सांगितलं एकला."

क्षणभर मला तिचाच राग आला. पण तिनं वाचलं ते मीच काढलेलं होतं.

"राही, तो नऊ आहे."

धावण्याचा आवाज आला, वारा आला, तिच्या हाका आल्या, "वर या! वर या!" दिशा रडायला लागली. मग एक दणका ऐकू आला, घरावर झाड पडावं तसा, आणि त्यामागून दीपकचा आवाज, "दोरी धरा! सोडू नका!"

राहीनं फोन कानाला लावला होता. धापा टाकत ती मला सांगत राहिली.

"एक आला वर. दोन. दीपकदादा कमरेपर्यंत पाण्यात आहेत. तीन."

मी भिंतीला टेकून ऐकत होते.

"चार, पाच एकदम आले. एकाचं डोकं फुटलंय. ताई, सहा."

सातवा आकडा आला नाही. आणखी एक दणका झाला. मागे एक मुलगा "शमिका, शमिका" असं ओरडत होता, आणि दीपक त्याला मागे ओढत असावा.

बऱ्याच वेळानं राही म्हणाली, "ताई, तुला फोन ठेवायचा असला तर ठेव."

मी ठेवला नाही.